कान आपले, बोल कोणाचे?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीच्या कागदावर कापसाची खरेदी केंद्रे आहेत, ज्वारीचा भाव आहे, पीकविम्याची थकलेली रक्कम आहे. त्यात तिसऱ्या क्रमांकाला 'पॉडकास्ट' असा शब्द छापलेला पाहून काही जण एकमेकांकडे बघून हसले. मागच्या रांगेतून एक भाऊ म्हणाले, "हे कोणतं नवीन बियाणं आणलं?" त्यांचा प्रश्न बरोबर आहे. हे बियाणेच आहे. ते कानात पेरतात आणि डोक्यात उगवते. रानात पेरायचे बियाणे आपण पिशवी उलटीपालटी करून, तारीख वाचून, पावती घेऊन आणतो. कानात पेरायच्या बियाण्याची पावती कोण मागतो? कोणी मागत नाही. म्हणून हा विषय.

आता जाहिरातीचा शब्द सोडून साध्या भाषेत सांगतो. कोणीतरी बोलतो, ते बोलणे फोनवर किंवा यंत्रावर साठवतो आणि इंटरनेटवर ठेवून देतो. तुम्ही पाहिजे तेव्हा ते फोनवर उघडता, ऐकता, अर्धे राहिले तर उद्या तिथून पुढे ऐकता. नवीन भाग आला की तो आपोआप तुमच्या फोनवर येतो. एवढेच आहे ते. रेडिओत आणि यात फरक काय? रेडिओच्या वेळेला तुम्ही हजर राहायचे. इथे बोलणारा तुमच्या वेळेला हजर राहतो. रेडिओला मनोरा लागतो, सरकारचा परवाना लागतो. इथे फोन पुरतो.

२००४ सालच्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या 'गार्डियन' या वर्तमानपत्रात बेन हॅमर्सली या पत्रकाराने हा शब्द पहिल्यांदा छापला. तेव्हा अमेरिकेतल्या ॲपल कंपनीचे 'आयपॉड' नावाचे गाणी ऐकायचे यंत्र गाजत होते. त्यातला 'पॉड' घेतला, 'ब्रॉडकास्ट' म्हणजे प्रसारण यातला 'कास्ट' घेतला आणि जोडला. २००५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या शब्दकोशाने तो वर्षाचा शब्द ठरवला. आयपॉड गेला, शब्द राहिला. आता तर बरेच लोक यूट्यूबवर दोन माणसे समोरासमोर माईक घेऊन बसलेली पाहतात आणि त्यालाही पॉडकास्टच म्हणतात. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, फोनचा डेटा स्वस्त झाला आणि ही गोष्ट गावापर्यंत पोचली. मराठीत 'थिंक बँक', 'मित्रम्हणे', 'अमुक तमुक' असे कार्यक्रम निघाले. आपल्या पोरांच्या फोनमध्ये ते आहेत. विचारून पाहा.

आवाजावरचा नाका

या गोष्टीचे मोल कळायचे असेल तर आधी आपल्या देशात आवाज कसा बांधून ठेवला होता ते आठवले पाहिजे. इथे पांढऱ्या केसांची मंडळी बरीच बसली आहेत. घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात जाऊन लायसन काढावे लागे, दरवर्षी फी भरून पुस्तकावर तिकीट चिकटवावे लागे, हे त्यांना आठवत असेल. म्हणजे ऐकायलाही परवाना. १९८० च्या दशकात ती फी गेली. पण बोलायचा परवाना सरकारच्याच खिशात राहिला.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा निकाल दिला. भांडण क्रिकेटचे सामने टीव्हीवर कोणी दाखवायचे याचे होते. बंगालची क्रिकेट संघटना एका बाजूला आणि केंद्र सरकारचे माहिती व नभोवाणी खाते दुसऱ्या बाजूला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालपत्रात स्पष्ट सांगितले की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारची नाही, शेठजीचीही नाही, जनतेची. निकाल सोन्यासारखा होता. पण सातबारा नावावर झाला म्हणजे ताबा मिळतोच असे नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. २००१ पासून शहरांत खाजगी एफएम केंद्रे निघाली. गाणी लावा, गप्पा मारा, पण बातम्या द्यायच्या नाहीत अशी अट होती. २०११ च्या धोरणाने मुभा दिली ती एवढीच, की आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवा. २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली सेवाभावी संस्था, कृषी विज्ञान केंद्रे यांना लहान पल्ल्याचे सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी मिळाली. तिथेही बातम्यांवर हीच बंधने.

छापायला मोकळीक होती, टीव्हीवर बातम्यांचा धुमाकूळ होता. आणि ज्याला वाचता येत नाही, ज्याच्या घरात वीज टिकत नाही, त्याच्या कानाशी जाणाऱ्या एकाच वाटेवर सरकारने नाका बसवला होता. पॉडकास्टने त्या नाक्याशी भांडण केले नाही. तो शेतातल्या पांदीने निघून गेला. नाकेवाला नाक्यावर बसून राहिला.

वर्तमानपत्रांचे काय झाले

आता दुसरा मुद्दा. या पांदीने गेलेल्या गाड्यांनी हमरस्त्यावरच्या धंद्याचे काय केले?

अमेरिकेतले उदाहरण घेऊ, कारण ही गोष्ट तिथेच वाढली. १९९९ साली बाल्टिमोर शहरात एका शाळकरी मुलीचा खून झाला. तिच्या पूर्वीच्या मित्राला, अदनान सय्यद याला, जन्मठेप झाली. वर्तमानपत्रांनी चार दिवस छापले आणि विषय संपला. २०१४ च्या ऑक्टोबरात सारा केनिग या पत्रकार बाईंनी 'सीरियल' नावाचा पॉडकास्ट सुरू केला आणि त्या एकाच खटल्याचे कागद, साक्षी, वेळा बारा भागांत उलगडल्या. लाखो लोकांनी ते ऐकले. बंद झालेला खटला पुन्हा उघडला. २०२२ मध्ये शिक्षा रद्द झाली, २०२३ मध्ये वरच्या न्यायालयाने ती पुन्हा लागू केली, २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवले आणि २०२५ मध्ये भोगली तेवढी शिक्षा पुरे म्हणून त्याला बाहेरच राहू दिले. गुन्हा खरोखर कोणी केला हे एवढे ऐकूनही लोकांना कळलेले नाही. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. धीराने, सविस्तर सांगितले तर लोक तासन्‌तास ऐकतात. आणि लाखो लोकांनी ऐकले म्हणून सत्य सापडतेच असे नाही.

हे पाहून मोठी वर्तमानपत्रे हलली. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१७ मध्ये 'द डेली' नावाचा रोजचा पॉडकास्ट सुरू केला आणि २०२० मध्ये 'सीरियल' काढणारी कंपनीच विकत घेतली. त्याच २०२० साली पत्रकारितेच्या मानाच्या पुलित्झर पारितोषिकांत आवाजातल्या वार्तांकनासाठी वेगळे पारितोषिक ठेवले गेले. कागदाच्या धंद्यातल्या लोकांनी कबूल केले की बातमी आता कानानेही जाते.

त्यामागून पुढारी आले. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी, अमेरिकेच्या निवडणुकीला दोन आठवडेही उरले नव्हते तेव्हा, डोनाल्ड ट्रम्प जो रोगन यांच्या पॉडकास्टवर सुमारे तीन तास बोलत बसले. कमला हॅरिस त्याच महिन्यात 'कॉल हर डॅडी' या पॉडकास्टवर गेल्या. आपल्याकडे पंतप्रधान नरेंद्र मोदी ३ ऑक्टोबर २०१४ पासून आकाशवाणीवर 'मन की बात' करत आले. जानेवारी २०२५ मध्ये ते निखिल कामत यांच्या पॉडकास्टवर आले आणि मार्चमध्ये अमेरिकेतल्या लेक्स फ्रिडमन यांच्याशी तीन तास बोलले.

पक्ष कोणताही असो, पुढाऱ्याला ही जागा का आवडते ते समजून घ्या. टीव्हीवर त्याला दीड मिनिट मिळते आणि चार जण एकदम ओरडतात. पत्रकार परिषदेत एखादा वार्ताहर उठून विचारतो, "साहेब, मागच्या वर्षी तुम्ही अमुक म्हणाला होता, त्याचे काय झाले?" पॉडकास्टवर बहुतेक वेळा यजमान हा पाहुण्याचा चाहता असतो. तो लहानपण विचारतो, आई विचारते, सकाळी किती वाजता उठता ते विचारतो. तीन तास ऐकल्यावर आपल्याला वाटते, माणूस घरचा आहे. तीन तासांत कापसाच्या आयातीवर एक प्रश्न निघत नाही आणि आपल्या ते लक्षातही येत नाही. लांब बोलणे म्हणजे खोल बोलणे नव्हे. विहीर पन्नास फूट रुंद खोदली म्हणून पाणी लागत नाही.

तरीही मी या गोष्टीला नावे ठेवायला उभा नाही. दीड मिनिटाच्या भांडणाला कंटाळलेला माणूस दीड तासाचे शांत बोलणे ऐकायला तयार झाला, हे चांगलेच झाले. आपले प्रश्न दीड मिनिटात सांगता येत नाहीत. कापसाला परवडणारा भाव का मिळत नाही, हे सांगायला रुईचा उतारा सांगावा लागतो, सरकीचा भाव सांगावा लागतो, जगाची बाजारपेठ सांगावी लागते. टीव्हीवाल्याला तेवढा वेळ नसतो. इथे वेळच वेळ आहे. प्रश्न इतकाच, की त्या वेळात बोलतो कोण?

फुकटाचे मोल

पॉडकास्ट फुकट मिळतो. शेतकऱ्याला फुकट काही मिळाले की त्याने आधी मागचा दरवाजा तपासावा.

यातली मोठी कमाई जाहिरातीची. आणि जाहिरात वेगळी येत नाही. बोलणाराच बोलता बोलता सांगतो, मी हे वापरतो, तुम्हीही वापरा. वर्तमानपत्रात जाहिरातीभोवती चौकट असते. कानाला चौकट दिसत नाही. ज्या आवाजाने तासभर तुमच्या मनातले सांगितले, त्याच आवाजाने पुढच्या वाक्यात टॉनिकची बाटली पुढे केली की हात खिशाकडे जातो.

शेतकऱ्याचा कान किती मोलाचा आहे हे आपल्याआधी कंपन्यांनी ओळखले. २०१३ साली बिहार-झारखंडमध्ये, जिथे वीज नाही, टीव्ही नाही, तिथे हिंदुस्थान युनिलिव्हरने 'कान खजुरा टेसन' सुरू केले. साध्या फोनवरून एक मिस्ड कॉल द्यायचा; कंपनीकडून उलटा फोन येई, गाणी, विनोद आणि मध्ये मध्ये साबणाची जाहिरात. लाखो लोकांनी फोन केले. यात लबाडी नव्हती, धंदा होता. मी एवढेच म्हणतो की साबण विकणाऱ्याला खेड्यातला कान सापडला आणि खेड्याच्या प्रश्नावर बोलणाऱ्यांना सापडला नाही, ही लाज कोणाची?

दुसरी गोष्ट दुकानाची. बोलणे तुमचे, पण ते ठेवायचे दुकान परक्याचे. स्पॉटिफाय या कंपनीने २०२० साली जो रोगन यांच्याशी करार केला, की हा कार्यक्रम फक्त आमच्याच दुकानात मिळेल. माल एकालाच घालायचा, हा व्यवहार कापूसवाल्यांना ओळखीचा आहे. २०२४ च्या नव्या करारात ती अट गेली. गूगलने 'गूगल पॉडकास्ट्स' नावाचे दुकान काढले, लोकांना सवय लावली आणि २०२४ मध्ये बंद केले. तेव्हा ज्याचा माल त्याने घरी एक प्रत ठेवावी. खळ्यावरचे सगळे धान्य कोणी व्यापाऱ्याच्या कोठारात टाकून मोकळे होत नाही.

तिसरी गोष्ट सरकारची. नाका चुकवून गाड्या जातात म्हटल्यावर नाकेवाला पांदीवरही बांबू आडवा टाकणारच. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्रसारण सेवांच्या नियमनाचा मसुदा काढला. त्यात इंटरनेटवरून बातम्या आणि चालू घडामोडींवर बोलणाऱ्यांनाही नियमनाखाली आणायची तरतूद होती. २०२४ मध्ये त्याची पुढची आवृत्ती काही मोजक्या लोकांना दाखवली गेली, ओरड झाली आणि ऑगस्टमध्ये सरकारने त्या प्रती परत मागवून नव्याने विचार करू असे सांगितले. मसुदा मागे घेतला म्हणजे इच्छा मागे घेतली असे समजू नका. खोटे बोलून कोणाचे नुकसान केले तर त्याला कायदा आहेच. पण पारावर बसून शेतीवर बोलायला परवाना लागेल अशी वेळ आली, तर त्या दिवशी या सभागृहातल्या प्रत्येकाने विरोध केला पाहिजे.

रिकामा कान

आता आपल्या रानात येऊ.

पेपर वाचायला हात आणि डोळे लागतात, टीव्हीला खुर्ची आणि वीज लागते. कापूस वेचणाऱ्या बाईचे दोन्ही हात बोंडात असतात, डोळे झाडावर असतात. डवरणाऱ्याचे हात डवऱ्यावर, डोळे तासावर. रात्री रानडुकरांपासून ज्वारी राखायला माळ्यावर बसलेल्या माणसापुढे अंधार असतो. या सगळ्यांचा एकच अवयव रिकामा असतो, तो म्हणजे कान. शेतीचे काम चालू असताना ज्ञान आत जाण्याची ही एकच वाट आहे. म्हणून मी म्हणतो, शहरातल्या माणसाला पॉडकास्ट ही करमणूक असेल, आपल्याला ते अवजार होऊ शकते.

पण अवजाराची धार कोणत्या बाजूला आहे ते बघून हात घालावा. पहिला नियम लिहून घ्या: औषधाची मात्रा कानाने घेऊ नये. 'दीड' आणि 'अडीच' यात वाऱ्याच्या एका झुळकीचे अंतर आहे. पंधरा की पन्नास, हे चालत्या पंपाशेजारी कळत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्या मृत्यूंची कारणे पुष्कळ होती आणि ती अशी एका वाक्यात मावत नाहीत. पण औषधाबद्दल कोण काय सांगतो आणि आपण ते कसे घेतो, हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे, एवढे त्या वर्षाने दाखवले. म्हणून मात्रा डब्यावरची वाचायची, वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याकडून वाचून घ्यायची, दोन औषधे एकत्र करायला कोणी फोनमधून सांगितले तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय करायची नाहीत.

दुसरा नियम. कोणताही आवाज ऐकला की चार प्रश्न विचारायचे. हा बोलतो कोण, आणि याची स्वतःची पऱ्हाटी कुठे आहे? याला पैसे कोण देतो? हे बोलणे कोणत्या तारखेचे आहे? मागच्या साली चांगला ठरलेला सल्ला या सालच्या पावसाला लागू नसतो. फोनमध्ये मात्र दोन्ही शेजारी शेजारी पडलेले असतात. आणि चौथा प्रश्न, याच्या उलट बोलणारा कोण आहे आणि तो काय म्हणतो? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत तर ऐकावे, करमणूक करावी, पण खिशात आणि पंपात हात घालू नये.

ऐका, बोला, मग करा

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि ती आपल्याच मुलखात सिद्ध झालेली आहे. कॅनडात १९४१ ते १९६५ या काळात शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालत. सोमवारी रात्री शेजारी एका घरी जमत, रेडिओवर चर्चा ऐकत, मग आपसात बोलत आणि आपले मत लिहून परत पाठवत. त्यांचे ब्रीद होते: वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा. त्यावरून युनेस्कोच्या मदतीने १९५६ साली पुणे आकाशवाणीने प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली १५० गावे घेतली. गावोगाव वीसेक जणांचा गट, आठवड्याला दोन असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम. ऐकायचे, लगेच चर्चा करायची, प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. मग मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने तपासणी केली. निष्कर्ष असा, की जिथे ऐकून चर्चा झाली त्या गावांची माहिती भरपूर वाढली. जिथे रेडिओ होता पण गट नव्हता तिथे जेमतेम वाढली.

रेडिओ तोच, कार्यक्रम तेच. फरक पडला तो बोलण्याने. १९५९ पासून ही मंडळे देशभर काढली, पुढे ती सरकारी फायलीत सुकून गेली. पण निष्कर्ष सुकलेला नाही. आजचा पॉडकास्ट एकेकट्याच्या कानात बोंड घालून ऐकायचा असतो. बाप एक ऐकतो, पोरगा दुसरे, सून तिसरे, आणि रात्री भाकरी खाताना कोणी कोणाशी बोलत नाही. एकट्याने ऐकणाऱ्याला फसवणे सोपे असते. दहा जणांत बसून ऐकले की एक तरी म्हातारा म्हणतो, "हे काही खरं नाही बुवा." तो म्हातारा आपला गुणवत्ता तपासणीस आहे. त्याला सोडू नका.

आणि फक्त ऐकून भागत नाही, बोललेही पाहिजे. हे आपल्याला जमेल का, असे विचारणाऱ्यांनी उदगीरच्या पलीकडे तेलंगणात जहीराबादजवळच्या माचनूरला जाऊन यावे. तिथे ज्वारी-बाजरीच्या कोरडवाहू शेतीतल्या दलित बायकांनी २००८ पासून 'संघम रेडिओ' चालवला. परवाना मिळण्याआधी कित्येक वर्षे त्या आपले बोलणे टेपवर भरून बायकांच्या बैठकांत वाजवत होत्या. बियाणे कसे राखायचे, कोणते पीक कोणत्या पिकात टाकायचे, हे त्यांनी त्यांच्या तेलुगूत सांगितले. सातारा जिल्ह्यात म्हसवडला, दुष्काळी माण तालुक्यात, माणदेशी बायकांनी 'माणदेशी तरंग वाहिनी' उभी केली. छत्तीसगडात २०१० साली शुभ्रांशु चौधरी या पत्रकाराने 'सीजीनेट स्वरा' काढले: आदिवासी माणूस साध्या फोनवरून नंबर फिरवतो, आपल्या भाषेत तक्रार सांगतो, ती तपासली जाते आणि मग दुसरे लोक तोच नंबर फिरवून ऐकतात. न मिळालेली मजुरी, बंद पडलेला हातपंप अशा गोष्टी तिथून अधिकाऱ्यांपर्यंत गेल्या. तिथे ना मनोरा लागला, ना स्टुडिओ.

आपण काय करायचे

म्हणून आज ठराव मांडतो तो लहान आहे आणि पैशाविना होणारा आहे.

प्रत्येक तालुक्याने आठवड्याला दहा मिनिटांचे एक बोलणे भरावे. बोलणारा शेतकरी किंवा शेतकरीण असावी. भाषा आपली, वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडी, मराठवाड्याची असेल तर तशी. सुरुवातीला नाव, गाव, तारीख सांगावी. पुण्या-मुंबईचा कोणताही माईकवाला जे सांगू शकत नाही, ते सांगावे. उदाहरण देतो. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर उपाय करायची वेळ आली असे शास्त्रज्ञ सांगतात. मग आपल्या शिवारात काल रात्री किती पतंग सापडले, हे कोण सांगणार? आपणच. दुसरे उदाहरण. सीसीआयच्या केंद्रावर कापसात आठ टक्के ओलावा असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे टक्क्याटक्क्याला कपात, बारा टक्क्यांच्या वर असेल तर खरेदी नाही. हे वेचणीआधी माहीत असलेला माणूस दव असताना वेचलेला कापूस गाडीत भरणार नाही, चार ऊन देऊन नेईल. आज कोणत्या केंद्रावर किती गाड्या उभ्या आहेत, मापाला किती वेळ लागतो, हे परत आलेल्या माणसाने सांगितले तर दुसऱ्याचे भाडे वाचते.

या बोलण्याला चार बंधने आपणच घालून घेऊ. बियाणे, खत, औषधवाल्यांचा पैसा घ्यायचा नाही. ऐकीव गोष्ट सांगायची नाही. पाहिले ते सांगायचे, पावती असेल तर आकडा सांगायचा. चूक निघाली तर पुढच्या आठवड्यात पहिल्या वाक्यात दुरुस्ती. आणि प्रत्येक बोलण्याची एक प्रत तालुक्याच्या फोनबाहेर, पेनड्राइव्हवर जपून ठेवायची.

गावात आठवड्यातून एक संध्याकाळ ते सगळ्यांनी मिळून ऐकायचे. मारुतीच्या पारावर, शाळेच्या ओट्यावर, कुठेही. बायकांना सोयीची वेळ बायकांना विचारून ठरवायची. वेचणीचे, निंदणाचे, बियाणे राखायचे अर्धे शहाणपण त्यांच्याकडे आहे आणि आपल्या सभेत त्यांचा आवाज शेवटच्या रांगेत राहतो. ऐकून झाल्यावर फोन बंद करायचा आणि बोलायचे. प्रश्न निघाले तर लिहून तालुक्याला पाठवायचे, पुढच्या आठवड्यात उत्तर आलेच पाहिजे.

याने कापसाचा भाव वाढेल का? नाही वाढणार. खोटे आश्वासन देणार नाही. भाव धोरणाने मारला जातो आणि धोरणाशी लढाई वेगळी करावी लागते. पण त्या लढाईत आजपर्यंत आपले म्हणणे दुसऱ्याच्या तोंडून, दुसऱ्याच्या चौकटीत, दीड मिनिटात सांगितले गेले. आत्महत्या झाली की कॅमेरा येतो, पऱ्हाटी उभी असते तेव्हा येत नाही. वर्षभर आपणच आपल्या आवाजात, तारखेनिशी, आकड्यानिशी बोलत राहिलो, तर उद्या मोर्चा निघेल तेव्हा मागणीच्या मागे बावन्न आठवड्यांची साक्ष उभी असेल. ती कोणाला खोडता येणार नाही.

ठरावावर बोलायला ज्यांना पुढे यायचे आहे त्यांनी यावे. सूचना एवढीच, की आजचे बोलणे फोनवर भरले जाणार आहे. पहिले नाव, गाव, तारीख सांगा, मग बोला.